हैबतीने देवी काढली, त्याबद्दल दोन शब्द

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शितळादेवी देवस्थान समितीचे चेअरमन माननीय काकासाहेब शेटे, सरपंच पूजाताई, तालुक्याहून वेळ काढून आलेले आरोग्य अधिकारी साहेब, जिच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका लिडिया भिंगारदिवे सिस्टर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, ज्यांची नावं मला दिलेल्या चिठ्ठीत आहेत पण अक्षर लागत नाही, आणि समोर बसलेल्या बोरमळ्याच्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो आणि मागं उभ्या असलेल्या मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. मी आत्ता ‘जिच्यासाठी’ म्हणालो. ते ‘ज्यांच्यासाठी’ असं लिहिलेलं आहे. मान राखून बोलायचं ठरवलं होतं, पहिल्याच ओळीत घसरलो. सिस्टर, माफ करा.

माझं नाव गोरक्षनाथ ढोकणे. गावात गोरख म्हणतात. शाळा आठवीपर्यंत झाली. त्यानंतर बेलापूरला टेम्पोवर क्लीनर होतो, काष्टीच्या बाजारात जनावरं उतरवली, सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, दोन वर्षं कुठं होतो ते घरच्यांनाही माहीत नाही, आणि सध्या जैसलमेरच्या पुढं पवनचक्क्या उभ्या करायच्या कामावर आहे. एका जागी मला करमत नाही. हे गावाला आत्ता कळलं असेल, सिस्टरांना मी पाच वर्षांचा असतानाच कळलं होतं. मी सुईला भिऊन शेट्यांच्या उसात पळालो. सिस्टर उसात शिरल्या. वीस मिनिटांनी आम्ही दोघंही बाहेर आलो, दोघांचंही अंग चिरलेलं होतं, आणि माझी सुई झालेली होती. उसातच.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी बोललेल्यांनाही पाचच दिली होती, त्यामुळं पाच मिनिटं म्हणजे किती याचा मला अंदाज आलेला आहे. भाषण मी लिहून आणलंय. न लिहिता बोललो तर मी भरकटतो, आणि आज भरकटून चालणार नाही. मला सिस्टरांचे आभार मानायचे आहेत. पण नुसतं ‘आभार’ म्हटलं तर कशाचे, ते तुम्हाला कळणार नाही. त्यासाठी आमच्या घराबद्दल सांगावं लागेल. आमच्या घराबद्दल तुम्हाला काय माहीत नाही? सगळं माहीत आहे. तरी पाहुणे बाहेरचे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो.

साहेब, या गावात आमच्या घराला ‘देवीकाढे’ म्हणतात. कागदावर ढोकणे, तोंडात देवीकाढे. हकीकत अशी सांगतात, की दीडशे वर्षांपूर्वी आमच्या घरात हैबती नावाचा पुरुष होऊन गेला. माझे आजोबा रंगनाथ, ते त्या दुसऱ्या रांगेत बसलेत, टोपीवाले, त्यांचे हे पणजोबा. या हैबतीने गावची देवी काढली. म्हणजे देवळातली मूळ मूर्ती उपटून नेली. का नेली, कुणाला विकली, याबद्दल गावात चार मतं आहेत. नेली याबद्दल एकच आहे. देवळात आत्ता जी मूर्ती आहे ती नंतरची, आणि तिच्या डाव्या हाताला जो रिकामा कोनाडा आहे तो मूळ देवीचा, असं आम्हाला लहानपणी दाखवतात. आम्हाला म्हणजे सगळ्या पोरांना. ढोकण्यांच्या पोरांना खालूनच, कारण आम्ही वर जात नाही.

देवळाला सात पायऱ्या आहेत. चैत्रातल्या यात्रेला प्रत्येक घर आपला नारळ घेऊन वर जातं आणि आपल्या हाताने देवीपुढं फोडतं. आमचं घर पहिल्या पायरीच्या खाली थांबतं. गुरव येऊन नारळ घेऊन जातो, वर फोडतो आणि अर्धी वाटी आणून देतो. कुणी शिवी देत नाही, कुणी ढकलत नाही. रीत आहे. आजोबांचं वय चौऱ्याऐंशी आहे, म्हणजे त्यांनी साधारण ऐंशी यात्रा खालून बघितल्या. शितळादेवी दिसायला कशी आहे, हे त्यांनी कॅलेंडरवर बघितलंय. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, काय पाहिजे. मला वाटलं पाणी म्हणतील. ते म्हणाले, “मला एकदा सात पायऱ्या चढून जायचंय.” डॉक्टर म्हणाले, एवढ्यात जिना नको.

आता यात सिस्टर कुठून आल्या?

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी माझं काम बंद पडलं आणि मी घरी होतो. आजोबा डोसला जायला तयार नव्हते, म्हणून सिस्टर लशीचा निळा डबा घेऊन घरी आल्या. आजोबांनी बाही वर केली. सिस्टरांनी दंड बघितला आणि सहज म्हणाल्या, “आजोबा, तुमच्या तर देवी काढलेल्या आहेत. मग एवढं काय घाबरता?”

आजोबांनी बाही खाली केली.

“सिस्टर,” ते म्हणाले, “गाव म्हनतं ते म्हनतं. तुमीबी?”

“मी काय म्हटलं?”

“माज्या घरात बसून, माज्याच तोंडावर देवी काढली म्हनता.”

“अहो, काढली नाही. काढल्या. देवी. हे दंडावर गोल वण आहेत ते.”

“एक काढली काय आन् दहा काढल्या काय.”

सिस्टर डबा बाजूला ठेवून खाली बसल्या. मला वाटतं त्या दिवशी त्यांची पुढची तीन घरं राहिली. त्यांनी समजावून सांगितलं. फार पूर्वी एक रोग होता. अंगभर फोड यायचे, माणूस मरायचा नाहीतर आंधळा व्हायचा. त्या रोगालाच लोक देवी म्हणायचे. तो होऊ नये म्हणून दंडावर टोचायचे, त्याला ‘देवी काढणे’ म्हणायचे. सरकारची माणसं गावोगाव फिरून देवी काढायची.

हे तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्ही स्वतः म्हणता, आमच्या शाळेत देवी काढल्या तेव्हा मी रडलो. त्याच तोंडाने म्हणता, ढोकण्यांनी देवी काढली. हे दोन शब्द एकाच तोंडात इतकी वर्षं शेजारी राहिले आणि त्यांची ओळख झाली नाही. आमच्या घरात तर तो शब्दच बंद होता. आम्ही ‘टोचून घेतलं’ म्हणायचो. त्यामुळं आमचीही कधी ओळख झाली नाही.

मग सिस्टरांनी विचारलं, “तुमच्या घरात कुणी हे काम करायचं का?”

 आजोबा उठले, आतल्या भिंतीतल्या फडताळातून एक चिंधी आणली आणि सिस्टरांच्या पुढं सोडली. आत एक छोटं पातं होतं, माझ्या बोटाएवढं, हस्तिदंती मुठीचं. हे मी पहिल्यांदाच बघत होतो. आजोबा म्हणाले, “ह्येनंच काढली. बापानं मला दावलं, त्याच्या बापानं त्याला. टाकूबी नगं आन् दाखवूबी नगं, आसं सांगून ठिवलंय.”

बोटाएवढ्या पात्याने दगडाची देवी कशी निघेल, हा प्रश्न आमच्या पाच पिढ्यांत कुणाला पडला नाही. मलाही त्या क्षणी पडला नाही. सिस्टरांना पडला. त्यांनी पातं उजेडात धरलं आणि म्हणाल्या, “ही टोचणी आहे. आजोबा, तुमचे पणजोबा माझ्या खात्यात होते.”

आणि मग त्यांनी आजोबांना डोस दिला. आजोबांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी आधी देवळाचा तो कोनाडा तपासला. मला वर जाता येत नाही, म्हणून बन्सी गवंड्याला पाठवलं. तो मोजून आला आणि म्हणाला, “ह्यो दिव्याचा कोनाडा हाय. ह्यात देवी ठिवली तर तिला वाकून बसावं लागंल.” काळी काजळी अजून आहे म्हणाला. मूळ देवी म्हणून काही होतं का, असेल तर कुठं गेलं, हे मला सांगता येणार नाही. मी एकाच देवीचा तपास केला.

मग मी समितीपुढं गेलो. त्या बैठकीला सिस्टर पोलिओची नोटीस द्यायला आल्या होत्या, म्हणून त्या साक्षीला आहेत. मी माझं सगळं सांगितलं. काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेतात. मग म्हणाले, “गोरख, तू म्हनतोस ते बरं वाटतं ऐकायला. पन देवी काढणं म्हंजी टोचणं, ह्ये लिवलंय कुठं?”

 सिस्टर दारातून म्हणाल्या, “तुमच्या दंडावर लिहिलंय, काकासाहेब.”

समिती हसली. काकासाहेबही हसले, मोठ्या मनाचा माणूस. पण निर्णय असा झाला, की दंड चालणार नाही, कागद पाहिजे. हैबती ढोकणे हा सरकारी देवी काढणारा होता असा कागद आणला, तर ढोकण्यांनी वर यावं. आजोबा बाहेर पारावर बसले होते. त्यांना निर्णय सांगितला. ते म्हणाले, “मग आन की कागद.” जसा काही तो दुकानात मिळतो.

कागद आणायला मला साडेतीन वर्षं लागली. त्यातलं बरंचसं प्रवासातच गेलं. वाळवंटातून सुट्टी घेऊन यायचं, नगरला जुन्या दप्तरखान्यात जायचं, आज साहेब नाहीत हे ऐकायचं, आणि परत वाळवंटात जायचं. जिल्ह्याचं नाव मधल्यामध्ये बदललं. नगरचं अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, गाड्यांवरची अक्षरं बदलली. मी म्हटलं, चला, म्हणजे नाव बदलतं. होऊ शकतं.

दप्तर सापडलं तेव्हा ते मोडीत निघालं. मला बाळबोधच अडखळत येतं. सिस्टरांच्या चर्चमध्ये जॉर्ज साळवे सर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, ते मोडी वाचतात. सिस्टरांनी मला त्यांच्याकडे नेलं. सर रोज एक पान वाचायचे आणि त्याचा फोटो आणि खाली सरळ अक्षरात लिहिलेला मजकूर मला पाठवायचे. मी पवनचक्कीच्या टोकावर असायचो, जमिनीपासून ऐंशी मीटर. रेंज तिथंच येते. त्यामुळं माझ्या खापरपणजोबाच्या बापाचं सगळं चरित्र मी पट्टा लावून, लोंबकळत वाचलेलं आहे.

थोडक्यात सांगतो. हैबती विठू ढोकणे, जात कुणबी, अक्षरओळख आहे, अठराशे अडुसष्टला देवी काढणारा म्हणून नोकरीस लागला. एकवीस वर्षं काम केलं. त्याच्याकडे त्रेचाळीस गावं होती, देवळाली प्रवरापासून खाली नदीच्या दोन्ही काठांनी. दिवाळीनंतर निघायचा, शिमग्याला परत यायचा. सगळं पायी. एक तट्टू मिळावं म्हणून त्याने तीन अर्ज केले. पहिल्या दोनांना उत्तर नाही. तिसऱ्यावर वरिष्ठांचा शेरा आहे: पायी चालणे प्रकृतीस हितकारक.

मोठ्या दुष्काळात त्याने आणखी एक अर्ज केला, की बोरमळ्यास गावकुसाबाहेरच्या लोकांस पाण्यासाठी विहीर नाही, ती खणावी. ती खणली. आजही आहे. आपण तिला शेट्यांची विहीर म्हणतो. मी वाद घालत नाही, नुसतं सांगतो.

आता काम कसं करायचे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या वेळी लस बाटलीत येत नव्हती. सिस्टरांसारखा निळा डबा नव्हता. एका लेकराच्या दंडावर टोचलं, की आठव्या दिवशी तिथं फोड उठायचा. त्या फोडातला थेंब घेऊन दुसऱ्या लेकराच्या दंडावर टोचायचं. त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या. म्हणजे लस असायची ती लेकराच्या हातावर. एका गावाहून दुसऱ्या गावाला लस न्यायची म्हणजे लेकरू न्यायचं, आईसकट, आठव्या दिवशी पोचेल असं. एक दिवस चुकला की साखळी तुटली.

त्यामुळं रजिस्टरात सात रकाने आहेत. नंबर, लेकराचं नाव, बापाचं नाव, जात, वय, सहावा कोणाच्या हातावरून घेतली, आणि सातवा उठली की नाही. शेजारी शेऱ्याला थोडी जागा.

बोरमळ्याचं पान अठराशे चौऱ्याहत्तरचं आहे. आधी दोन वेळा हैबती स्वतःच्याच गावात आला, आणि दोन्ही वेळा एकच ओळ आहे: गावात कोणी मूल पुढे केले नाही. तिसऱ्या खेपेला एकतीस लेकरं आहेत. एकतीसच्या एकतीस उठली असं लिहिलंय. त्या वर्षी शेजारच्या दोन गावांत हा रोग येऊन गेला, तिथं किती गेले त्याचाही आकडा आहे, तो मी आजच्या दिवशी वाचत नाही. बोरमळ्यात एकही नाही. त्या एकतीस नावांत तुमचे सगळ्यांचे आहेत. शेटे आहेत, गुरव आहेत, आमचे आहेत. दौलत शेटे, वय चार, हे काकासाहेबांचे पणजोबा. यात्रेत ज्यांच्या नावाने पहिला नारळ फुटतो तेच.

हा कागद मी परवा समितीला दिला. मोहोर आहे, सही आहे, हुद्दा आहे. समितीने मान्य केलं. आता इथंच मी आभार मानून बसलो असतो, तर पाच मिनिटांत नाही पण बऱ्यापैकी लवकर संपलं असतं.

काल सकाळी काकासाहेबांनी मला देवळापुढं बोलावलं. मी पायरीखाली उभा होतो, ते तिसऱ्या पायरीवर बसले होते. ते जे बोलले ते चांगल्या मनाने बोलले, म्हणून मी ते जसंच्या तसं सांगतो.

ते म्हणाले, “कागद चोख हाय. औंदा रंगनाथतात्यांनी वर यावं. पयला नारळ त्यांनीच फोडावा, आमी आमचा मान सोडतो. मग झालं?”

मी म्हटलं, “झालं, काका.”

“फकस्त उद्या भाषणात त्यो सहावा रकाना नगं.”

“का?”

“लोकांना एकतीस उठली येवडं सांग. कुनाच्या हातावरनं उठली ह्ये कशापायी सांगायचं?”

“काका, तुमचे दौलतबाबा वाचले त्याच्यामुळं.”

“वाचले ना?” काकासाहेब म्हणाले. “मग आता वाचायचं कशाला?”

 मी ‘बरं’ म्हणालो. माझा शब्द दिला. हे मी कबूल करतो, आणि शब्द देताना मला खरंच वाटलं होतं की मी तो पाळीन. एका बाजूला आजोबांच्या सात पायऱ्या, दुसऱ्या बाजूला एक रकाना. दीडशे वर्षांपूर्वीचा. कुणाचं काय जातं?

घरी येऊन आजोबांना सांगितलं. मला वाटलं ते टोपी घालून लगेच उठतील. ते म्हणाले, “सहाव्यात कुनाचं नाव हाय?”

मी सांगितलं.

“आन् शेऱ्यात काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं.

“किती येळ बसली हुती म्हनतोस?”

“ते लिहिलेलं नाही.”

आजोबा काठीच्या टोकाने जमीन उकरायला लागले. मग म्हणाले, “मी जलमभर पायरीखाली हुबा ऱ्हायलो. का, तर कुनीतरी कवातरी एक शबूद वाकवला. आता मला वर जायाला तिचं नाव पुसावं लागत आसंल, तर मंग तिला वेशीबाहिर बसिवणारा कोन? मीच की.”

मी म्हटलं, “आजोबा, मी काकांना शब्द दिलाय.”

“त्यो तू दिलायस. मी न्हाई दिला.”

“मग वाचू?”

“वाच. आन् आवाज मोठा ठिव. मला कमी ऐकू येतं.”

म्हणून मी वाचतो. नंबर एक. सगुणा हैबती ढोकणे, कुणबी, वय दोन. कोणाच्या हातावरून घेतली: राणू, बाप भागा, बोरमळा गावकुसाबाहेर, वय तीन. तिथंच तिची जातही लिहिलेली आहे. ती मी वाचली नाही तरी सगळ्यांना कळली, असं समोरून दिसतंय. नंबर दोन, दौलत शेटे, सगुणाच्या हातावरून. नंबर तीन आणि चार गुरवांची, दौलतच्या हातावरून. आणि असं पुढं एकतीसपर्यंत. सगळी साखळी एका राणूपासून निघालेली आहे.

शेरा हैबतीच्या हातचा आहे. तो असा: “राणूस दुसऱ्या गावी टोचिली. तेथून तिच्या आईने दोन कोस चालून आठव्या दिवशी आणिली. वेशीच्या आत येऊ दिले नाही. मायलेकी बाहेर बसून राहिल्या. सबब आपली मुलगी बाहेर नेऊन टोचली.”

म्हणजे त्याने देवी काढली ती वेशीबाहेर जाऊन, आणि आणली ती स्वतःच्या पोरीच्या हातावर. मग हळूहळू गावाने शब्द असा ठेवला की हैबतीने देवी काढून नेली. शब्द आपोआप वाकला की गावाने सोयीने वाकवला, हे मला कळत नाही. रजिस्टरात त्याचा रकाना नाही.

हा शेरा सापडला त्या दिवशी मी वरूनच सिस्टरांना फोन केला होता. वारा जोरात होता, मला ओरडून वाचावं लागलं. सिस्टरांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “त्या राणूची जखम भरली का नीट?” मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, “फोड फोडल्यावर पिकतं कधी कधी. लेकराला ताप येतो. कुणीतरी परत जाऊन बघायला पाहिजे होतं.” एवढंच. मला वाटलं होतं त्या काहीतरी मोठं बोलतील. नंतर मी विचारलं, सिस्टर, ती तुमच्यापैकी कुणी असेल का? त्यांच्या घरचे लोक याच वस्तीतून मिशनच्या शाळेत गेले, एवढं त्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, “असेल. नसेल. आमची नावं मिशनच्या वहीत यायला पुढं वीस वर्षं लागली. त्याआधीचं मी कुठून सांगू?”

तर हे आभार कशाचे, ते आता कळलं असेल. सत्तावीस वर्षं सिस्टरांनी या गावातल्या बहुतेक घरांच्या आत जाऊन काम केलं, काही घरांच्या ओट्यावर उभं राहून केलं. कोणत्या घरांच्या ते मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि त्यांनी त्या घरांची एकही सुई चुकवली नाही. सुई दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्या परत यायच्या, ताप आला का बघायला. मला उसातून ओढून काढल्यावरही आल्या होत्या. मी तेव्हाही पळालो.

सिस्टर, आज निवृत्त होईपर्यंत बदलीसाठी तुम्ही कधी अर्ज केला नाही असं साहेब म्हणाले. तुम्हाला निरोप देताना गावाने शाल दिली, नारळ दिला, साहेबांनी घड्याळ दिलं. माझ्याकडून त्या पानाची मोठी प्रत आहे, काच लावून. सातही रकाने आहेत. ती तुम्ही घरी न्यायची की उपकेंद्राच्या भिंतीवर ठेवून जायची, हे तुम्ही ठरवा. खिळा मात्र बन्सीने काल ठोकून ठेवलाय.

आता शेवटचं. सभेचे अध्यक्ष काकासाहेब यांनी मला बोलायची संधी दिली, पूजाताईंनी माझं नाव यादीत घातलं, जॉर्ज सरांनी डोळे दुखेपर्यंत मोडी वाचली, माझ्या मुकादमाने चार वेळा सुट्टी दिली आणि पाचव्यांदा दिली नाही तरी मी आलो, त्या सगळ्यांचे आभार. माझ्या भाषेत खूप चुका झाल्या असतील, मोठ्यांची नावं मागंपुढं झाली असतील, वेळ तर झालाच आहे, ते पोटात घालावं. त्याशिवाय एक चूक मी जाणूनबुजून केली. काकासाहेबांना दिलेला शब्द मी सगळ्यांसमोर मोडला. काका, त्याची मी तुमची हात जोडून माफी मागतो. तुम्ही दिलेला पहिल्या नारळाचा मान तुम्ही परत घेतलात तर आमची तक्रार नाही, तो तुमचाच आहे.

पायऱ्यांचं मात्र वेगळं आहे. आजोबांना घेऊन मी इथून थेट देवळात जाणार आहे. आज यात्रा नाही, गर्दी नाही, त्यांना चढायला वेळ लागेल, डॉक्टरांनी प्रत्येक पायरीवर थांबायला सांगितलंय. म्हणजे कुणाला अडवायचं असेल तर सात वेळा संधी आहे. आणि कुणाला हात धरायचा असेल, तर त्यांची डावी बाजू रिकामी आहे.

धन्यवाद.